मानेची शीर मोकळी केली तर एमएस बरा होईल का?

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) असलेल्या घरांमधून हा प्रश्न मला अजूनही येतो. मेंदूतलं रक्त खाली आणणाऱ्या मानेतल्या शिरा आखडल्यात म्हणून हा आजार होतो असं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं, मग फुगा घालून शीर उघडत का नाहीत, डॉक्टर लपवतायत का? मागे एक वडील लेकीला घेऊन आले (ओळख पटेल असं सगळं बदललंय), माणूस शेतीतला, म्हणाले "मॅडम, पाटाचं दार अडकलं की पाणी मागं तुंबतं, तसंच झालंय हिचं." हातात मानेच्या डॉपलरचा (शिरांमधलं रक्त कसं वाहतं ते बघायच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, डाव्या बाजूची शीर अरुंद. बाहेरदेशी ऑपरेशन करायचं म्हणून गावचा प्लॉट विकायला काढलेला.

मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, पण एमएसच्या पेशंट्ससोबत काम करायचं म्हणजे हे माहीत असावंच लागतं. इटलीत फेरारा युनिव्हर्सिटीतले सर्जन पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये ही थिअरी मांडली, की शिरा अरुंद झाल्या की रक्त तुंबतं, मेंदूत लोह साठतं आणि त्यातून एमएस होतो. त्यांच्या स्वतःच्या बायकोला एमएस होता. हे सांगितलं तेव्हा वडील पहिल्यांदा नीट ऐकायला लागले, कारण झांबोनीही घरच्या माणसासाठीच धडपडत होते ना. मग पुढचं सांगितलं. कॅनडात २०१३ मध्ये एमएसवाले, त्यांची भावंडं आणि ज्यांना काहीच नाही असे लोक, तिघांच्याही शिरा तपासल्या तर तिन्हीकडे साधारण ७० टक्के लोकांच्या शिरा अरुंदच निघाल्या. म्हणजे तुमची माझी डॉपलर काढली तरी तसाच रिपोर्ट येऊ शकतो, आणि तसंही उभं राहिलं की मानेतली मोठी शीर आपोआप चपटी होते, रक्त दुसऱ्या वाटेने उतरतं. शेवटी झांबोनींनीच मोठी ट्रायल केली, काहींची शीर खरंच उघडली, काहींना नुसती नळी घालून बाहेर काढली, आणि कुणाला काय केलंय हे पेशंटलाही माहीत नव्हतं आणि त्याला नंतर तपासणाऱ्यालाही. २०१७ ला रिझल्ट आला, फरक नाही. त्यांनीच तसं छापलं. (मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो याच्यासाठी.) अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) तर २०१२ लाच इशारा दिला होता, कारण या प्रोसिजरनंतर गुठळ्या, स्ट्रोक, स्टेंट (शीर उघडी ठेवायला घातलेली जाळीची नळी) जागेवरून सरकणं आणि मृत्यूसुद्धा झाले होते.

आता शिरांचा काहीच संबंध नाही असंही नाही. एमएसचे डाग मेंदूतल्या बारीक शिरांभोवती होतात, एमआरआयमध्ये ते दिसतं आणि निदानाला मदतही होते, पण तिथे शीर तुंबलेली नसते, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी तिथून मेंदूत शिरतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण खरवडतात. म्हणून औषधं त्या पेशींवर काम करतात.

औषधांचं नाव निघालं आणि मुलगी खाली बघायला लागली. तिच्याशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं, ऑपरेशन होणारच आहे तर कशाला, म्हणून कॅप्सूल बंद केल्या होत्या. माझ्या मते प्लॉट विकण्यापेक्षा हे जास्त घातक. तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

नंतर तिघं एकत्र बसलो तर वडील म्हणाले, "मग मी करू काय, नुसतं बघत बसू?" सगळा जोर खरं तर इथेच होता, कारण शीर उघडायची म्हटलं की बापाला हातात काहीतरी काम मिळतं. मुलगी म्हणाली, "बाबा, उन्हात चालले की मला धूसर दिसतं, दुपारी स्टँडवर घ्यायला या. आणि ते सर्टिफिकेटचं बघा." २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आता त्या कागदांमागे तेच पळतायत, कॅप्सूल परत सुरू आहेत, आणि व्हिडिओ अजूनही पाठवतात, फक्त आधी मला पाठवून विचारतात.