आधी तो तक्ता टेबलावरून काढा

नमस्कार मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मोठं आहे, मनापासून लिहिलंय, आणि सोबत तक्त्याचा फोटोही पाठवलात ते बरं केलंत, कारण खरा प्रॉब्लेम त्या फोटोतच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मॅडम ज्युनियर कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतात, त्यांचे मिस्टर तालुक्याच्या कोर्टात सिव्हिल साइडला वकिली करतात आणि मुलगा बारावी कॉमर्सला आहे. आईचं इकॉनॉमिक्स, वडिलांचं लॉ, म्हणून मुलाने लॉ अँड इकॉनॉमिक्समधला, म्हणजे कायद्याकडे इकॉनॉमिक्सच्या नजरेने बघणाऱ्या विषयातला, स्कॉलर व्हायचं असं घरात ठरलंय. त्याला अकरावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेऊ दिलं ही चूक झाली का आणि दहावीचे 71 टक्के या लाइनला कमी पडतील का, असे दोन प्रश्न आहेत. तिसरी विनंती म्हणजे मी मुलाशी फोनवर बोलून त्याला "सिरियस" करावं.

दोन प्रश्नांचं आधी उरकतो. 71 टक्क्यांनी काही बिघडत नाही, दहावीचे मार्क पुढे कुणी बघत नाही. गणित सुटलं म्हणून पाच वर्षांच्या लॉला अडत नाही, क्लॅट, आयलेट, एमएच-सीईटी या लॉच्या तिन्ही प्रवेश परीक्षांचा रस्ता मोकळा आहे. दिल्ली युनिव्हर्सिटीच्या इकॉनॉमिक्स ऑनर्ससारख्या ठिकाणी मात्र गणित लागतंच, तो दरवाजा सध्या बंद झालाय. बस, एवढंच.

आता तक्ता. लॅमिनेट करून स्टडी टेबलाच्या वर चिकटवलेला. वय 18 एनएलयू (नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी), वय 23 बीए एलएलबी, वय 24 परदेशात एलएलएम, वय 29 पीएचडी, वय 35 प्रोफेसर, आणि शेवटच्या ओळीत, मी फोटो झूम करून वाचलं, "वय 45 : आंतरराष्ट्रीय ख्याती". मॅडम, ख्यातीला कुणी वयाचा रकाना देतं का हो? सतरा वर्षांचा पोरगा रोज सकाळी उठून ती ओळ बघतो, आणि तुम्ही लिहिता की तो "हल्ली घरात फारसा बोलत नाही". काय बोलणार? त्याच्या वतीने 28 वर्षांचं सगळं बोलून झालंय की.

याहून जास्त मला खटकला तो पत्राच्या मधला एक पॅरा, जो तुम्ही तक्रार म्हणून लिहिलाय. मुलगा शनिवारी बाबांच्या चेंबरमध्ये जाऊन बसायचा, पक्षकारांचं ऐकायचा आणि "फालतू प्रश्न विचारून वेळ घालवायचा". त्यातला एक तुम्ही दिलाय. बांधावरून दोन चुलतभावांची केस चाललीय, कित्येक वर्षं तारखा पडतायत, वकिलाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून त्या वादातल्या जमिनीच्या किमतीच्या पुढे गेलाय, तर मग दोघं बसून मिटवत का नाहीत? बाबा चिडले, म्हणाले वकिलाच्या पोराने असं विचारायचं नसतं. मग क्लॅटच्या मॉक टेस्ट बुडतात म्हणून तुम्ही दोघांनी त्याचं चेंबरला जाणंच बंद केलं.

म्हणजे ज्या विषयासाठी तक्ता बनवला, त्या विषयातला पहिला खरा प्रश्न पोराने स्वतःहून विचारला आणि त्या विषयाची तयारी व्हावी म्हणून तुम्ही तो बंद पाडलात! मला हसावं की रडावं कळेना.

तुम्ही पत्रात रोनाल्ड कोसचं उदाहरण दिलंय, "इकॉनॉमिस्ट असून लॉ स्कूलमध्ये प्रोफेसर, नोबेल". बरोबर आहे. पण त्याच्या 1960 च्या ज्या लेखावर हा अख्खा विषय उभा राहिला त्यात काय आहे ते आठवा. लंडनमधला एक मिठाईवाला आणि त्याच्या शेजारचा डॉक्टर, 1879 सालची केस. मिठाईवाल्याचे खलबत्ते वर्षानुवर्षं चालू होते, डॉक्टरने मागच्या बागेत त्या भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, मग आवाजाचा त्रास सुरू झाला, केस झाली, डॉक्टर जिंकला. कोस म्हणतो, समजा आपसात बोलणी करायला काहीच खर्च येत नसता, तर कोर्टाने कुणाच्याही बाजूने निकाल दिला असता तरी दोघांनी पैशाची देवाणघेवाण करून ज्याचं काम जास्त मोलाचं त्याला ते करू दिलं असतं. पण खऱ्या जगात बोलणीला खर्च येतो, आणि म्हणून कायदा काय म्हणतो याने फरक पडतो. तुमचं पोरगं हेच तर विचारत होतं, की मिटवायला असा काय खर्च येतो जो केस लढण्यापेक्षाही जास्त आहे? भाऊबंदकी, मोजणीवर विश्वास नसणं, "आधी मी वाकलो तर गावात काय म्हणतील", खातेफोड न झालेली, एक हिस्सेदार मुंबईला, आणि वर दस्ताचा खर्च. यातल्या या शेवटच्या खर्चावर राज्य सरकारने 2023 साली सलोखा योजना आणली, म्हणजे एकाची जमीन दुसऱ्याच्या नि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात बारा वर्षं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. आता यावर एक चांगला रिसर्चचा प्रश्न तयार आहे, खर्च कमी केल्यावर किती लोक मिटवायला पुढे आले आणि जे नाही आले ते का नाही आले. त्याला हे सांगा. माझ्याशी फोनवर बोलण्यापेक्षा जास्त सिरियस होईल.

पण लगेच "बघा, म्हणजे तो स्कॉलरच होणार" असं धरून बसू नका, प्लीज. एका प्रश्नावरून काही ठरत नाही. असा प्रश्न पडणारा माणूस चांगला वकीलही होतो, चांगला तहसीलदारही होतो, आणि कधीकधी काहीच होत नाही, नुसता हुशार गप्पिष्ट राहतो.

कोसच्या आयुष्यात तक्ता शोधायला गेलात तर पंचाईत होईल. जन्म 1910 चा, लहानपणी पाय कमकुवत म्हणून लोखंडी पट्ट्या लावून चालायचा, अपंग मुलांच्या शाळेत गेला. पुढे इतिहास घ्यायचा होता तर लॅटिन येत नव्हतं, मग सायन्सकडे वळला तर गणित आवडेना, राहिलं कॉमर्स, म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये कॉमर्स! तिथे औद्योगिक कायद्याकडे जवळजवळ वळलाच होता, पण फिरतीची स्कॉलरशिप मिळाली आणि 1931-32 ला अमेरिकेत कारखाने बघत फिरला. बाजार एवढा छान चालतो तर मग कंपन्या कशाला लागतात, हा त्याचा तेव्हाचा प्रश्न, ऐकायला तुमच्या मुलाच्या प्रश्नाइतकाच बाळबोध. त्यावरचा लेख आला 1937 ला. मग शिकवायला डंडी, लिव्हरपूल, एलएसई, 1951 ला अमेरिकेत बफेलो, तिथून व्हर्जिनिया. शिकागोच्या लॉ स्कूलला 1964 ला गेला तेव्हा वय 53. नोबेल 1991 ला, वय 80. लॉची डिग्री शेवटपर्यंत नाही. तुमच्या तक्त्यात बसवला तर पस्तिशीतच नापास. आणि हो, कॉमर्सवाला आणि गणिताशी न जमणारा, हे पोराला आवर्जून सांगा. फक्त त्याच्या जोरावर आज गणिताला फाटा देता येत नाही, कारण आता या विषयातले बरेचसे पेपर आकडेवारीवर असतात, स्टॅटिस्टिक्स कधी ना कधी शिकावंच लागेल. बारावीतच शिकलं पाहिजे असं काही नाही.

आता एक गैरसमज, कारण तो तुमच्या पत्रात तीन ठिकाणी डोकावतो. लॉ अँड इकॉनॉमिक्स म्हणजे जीएसटी, कंपनी लॉ, सेबी, असं पैशाचं लॉ, त्यामुळे "प्रोफेसर नाही झाला तरी कॉर्पोरेटमध्ये पॅकेज आहेच". नाही हो. पैशाच्या कायद्यांपुरता हा विषय नाही. कुठलाही कायदा घ्यायचा, अपघाताचा, घटस्फोटाचा, चोरीचा, बांधाचा, आणि विचारायचं की हा नियम असला तर माणसं वागतील कशी. मुंबईची पागडीची बिल्डिंग घ्या. 1947 चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट आला आणि भाडं सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधलं गेलं. हेतू चांगला होता, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये. पण मालकाने बघितलं की येतं त्यात चुनासुद्धा होत नाही, त्याने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने बघितलं की एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही, त्याने जागा सोडली नाही, आणि खरी किंमत टेबलाखालून पागडी म्हणून फिरायला लागली. इमारती पडायला लागल्या तेव्हा 1969 ला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सेस लावावा लागला, आणि 1999 च्या भाडे कायद्यात पागडीला चक्क मान्यता दिली. लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नव्हतं. कलम वाचून हे दिसत नाही, नुसता डिमांड-सप्लायचा ग्राफ काढूनही अर्धंच दिसतं. दोन्ही नजरा लागतात, आणि त्यासाठी दोन डिग्र्याच लागतात असंही नाही. रिचर्ड पोस्नर यातलं दुसरं मोठं नाव, येलला इंग्लिश लिटरेचर, मग हार्वर्डला लॉ, इकॉनॉमिक्सची डिग्री नाही, आणि 1973 ला पुस्तक लिहून सगळ्या कायद्याकडे इकॉनॉमिक्समधून बघून मोकळा, 1981 ला जज. गिडो कॅलाब्रेझी आधी इकॉनॉमिक्स मग लॉ, अपघातांच्या खर्चावर 1970 चं पुस्तक, येलचा डीन, पुढे तोही जज. तिघांचे तीन दरवाजे.

भारतातलं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगणार नाही. यूजीसी नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, लॉ असा विषय आहे, इकॉनॉमिक्स असा विषय आहे, लॉ अँड इकॉनॉमिक्स असा नाही. म्हणजे नोकरीसाठी एक घर निवडावंच लागतं. लॉचा मास्तर व्हायचं तर एलएलएम आणि नेट किंवा पीएचडी, इकॉनॉमिक्सचा तर एमए आणि नेट किंवा पीएचडी, आणि दुसरा विषय स्वतःच्या हौसेने वाढवायचा. परमनंट लागला तर सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरची सुरुवात 57,700 बेसिकने, चांगली आहे. न लागला तर तासिका तत्त्व, ज्याचं मी तुम्हाला काय सांगू, तुमच्याच कॉलेजात वरच्या मजल्यावर सीएचबीवाले, म्हणजे तासावर पैसे मिळणारे, बसत असतील, त्यांना विचारा. परदेशात हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, बोलोन्या मिळून या विषयाची खास पीएचडी चालवतात. इकडे मुंबईत गोरेगावला आयजीआयडीआर आहे, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट आहे, दोन्ही इकॉनॉमिक्सच्या रिसर्च संस्था, तिथल्या सेमिनारना बसलं की कळतं आपल्याला यात रस आहे की नाही. हे सगळं तो 21-22 चा झाला की बघेल. आत्ता त्याने बारावी नीट करावी, लॉच्या सीईटी द्याव्यात नाहीतर बीए-बीकॉमला जावं, दोन्हीतून पुढे जाता येतं. तुम्ही पत्रात लिहिलेल्या पुण्यातल्या दोन वर्षांच्या रेसिडेन्शियल क्लासचे पैसे भरू नका. भरले असतील तर परत मागा.

आणि चेंबर शनिवारपासून पुन्हा चालू. मिस्टरांनाही सांगा, पोराने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "मला नाही माहीत" म्हणायला काही लागत नाही, एवढं कोर्टात नाही म्हणता येत पण घरी येतं.

शेवटचं थोडं टोचेल, पण पत्र वाचल्यापासून डोक्यात तेच आहे. तुम्ही बाबासाहेबांचं नाव घेतलंय, की त्यांनी इकॉनॉमिक्स आणि लॉ दोन्ही केलं. सिडनहॅमला पॉलिटिकल इकॉनॉमीचे प्रोफेसर, 1935 ला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल, खरंय. पण त्यातला मधला भाग तुम्ही गाळलात. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 ला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं, सिडनहॅमला शिकवून पैसे जमवले, 1920 ला पुन्हा गेले आणि 1923 ला डीएस्सी पूर्ण केली. अर्धवट राहिलेलं स्वतः जाऊन पुरं केलं.

तुमच्या पत्राच्या पाचव्या पानावर एक वाक्य आहे, "माझी नेट झाली होती, पीएचडीचं रजिस्ट्रेशनही झालं होतं, मग याचा जन्म झाला आणि ते राहिलं". अख्ख्या पत्रात मुलाला काय आवडतं यावर चार ओळी नाहीत, पण एलएलएमच्या सिलॅबसवर, कोसवर, परदेशी युनिव्हर्सिट्यांवर तुम्ही सलग दोन पानं लिहिलीत आणि ती फार छान लिहिलीत, विषय आवडल्याशिवाय असं कुणी लिहीत नाही. या घरात लॉ अँड इकॉनॉमिक्सची स्कॉलर कुणाला व्हायचंय ते मला तरी स्पष्ट दिसतंय, आणि ते बारावीला नाहीये.

पीएचडीला वयाची अट नाही. जुनं रजिस्ट्रेशन चालणार नाही, नव्याने प्रवेश घ्यावा लागेल, पण नोकरी करून पार्ट-टाइम करता येते, त्याला कॉलेजची एनओसी लागते. 2022 च्या यूजीसी नियमाप्रमाणे सहा वर्षांची मुदत आहे, बायकांना वर दोन वर्षं जास्त मिळतात. घरात सिव्हिलचा वकील आहे, कपाटभर बांधाच्या केसेसच्या फायली आहेत, असा डेटा लोकांना मागून मिळत नाही. पक्षकारांची परवानगी आणि नावं झाकणं वगैरे गाइड सांगेल. मुलगा मदतीला हवा असेल तर त्याला विचारा, तक्त्यात टाकू नका.

तेव्हाचा तुमचा पीएचडीचा विषय काय होता ते पत्रात नाही लिहिलंत. पुढच्या पत्रात लिहा, आणि मुलाचं पत्र त्याला लिहायचं असेल तर तो वेगळं पाठवेल.