फाईट कोणी बसवली ते आधी बघा

'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स : वॉल्ड इन', 'द रेड' आणि 'इप मॅन' असे मारामारीचे तीन सिनेमे तुम्ही लागोपाठ पाहिलेत. पहिला जाम आवडला, दुसऱ्याने दमवलं, तिसऱ्यातला देशभक्तीचा डोस जड गेला. आता पुढे काय बघू, आणि हॉलिवूडच्या फायटी यांच्यापुढे पुचाट का वाटतात, असं विचारलंय. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. या प्रकारात हिरो बघून सिनेमा निवडू नका, दिग्दर्शक बघूनही नको. श्रेयनामावलीत ॲक्शन डायरेक्टर म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. आपल्याकडे फाईट मास्टर म्हणतात तोच माणूस, पण हाँगकाँगात त्याचा अधिकार फार मोठा. फाईट सुरू झाली की कॅमेरा कुठे लावायचा आणि शॉट कुठे तोडायचा हेही बरेचदा तोच ठरवतो.

'ट्वायलाइट' (२०२४) घ्या. दिग्दर्शक सोई चेआंग, पण तुम्हाला जे आवडलं त्यातलं निम्मं केंजी तानिगाकीचं आहे. हा जपानी माणूस तरुणपणी हाँगकाँगला आला आणि डॉनी येनच्या (तुमच्या 'इप मॅन'चा हिरो) स्टंट टीममध्ये तयार झाला. कौलून वॉल्ड सिटी ही खरोखरची वस्ती होती, जेमतेम साडेसहा एकरांत तीसेक हजार माणसं एकावर एक रचलेली. १९९३-९४ मध्ये ती पाडली, त्यामुळे सिनेमासाठी सेट उभारावा लागला. पण तानिगाकी त्या सेटकडे नुसती पार्श्वभूमी म्हणून बघत नाही. दोन माणसं शेजारी उभी राहू शकणार नाहीत असा बोळ असेल तर फाईटही तशीच बसवलेली: हात पूर्ण फिरत नाही म्हणून कोपर, पाय बाजूने जात नाही म्हणून भिंतीवर चढून वरून. कोण कुठून आला आणि कुठे पडला हे एकदाही विचारावं लागत नाही. यात काम केलेला हाँगकाँगचा जुना फायटर-नट सॅमो हंग सत्तरी ओलांडलेला आहे, हालचाली मोजक्या, पण त्याचा हात बसला की वजन जाणवतं.

शेवटचा अर्धा तास मला तितका पटला नाही. फिलिप इंगचा व्हिलन अंगावर सुरा घेतो तरी त्याला काही होत नाही, हे कॉमिकमधून आलेलं आहे हे मान्य. तरी ज्या सिनेमात दीड तास प्रत्येक मार लागत होता तिथे अचानक मारच लागेनासा झाला, तर बसवलेल्या फाईटची अर्धी मजा जाते. इंग स्वतः मात्र धमाल करतो, ते हसणं तर विचारू नका.

तर तुमच्यासाठी पुढचा सिनेमा: 'रुरौनी केनशिन' (२०१२). दिग्दर्शक केइशी ओतोमो, ॲक्शन पुन्हा तानिगाकी. एकूण पाच भाग आहेत, २०१४ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये दोन आणखी आले. नायक पूर्वीचा मारेकरी, आता कोणाला मारायचं नाही अशी शपथ घेतलेला, म्हणून त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला. हे संवादात सांगतातच, पण कळतं ते फाईटमधून. पहिल्या भागात ताकेरू सातो जमिनीलगत घसरत, भिंतीवरून धावत दहा-वीस जणांना आडवं करतो. माणसं पडतात, मरत नाहीत, आणि त्या वेगात एक प्रकारचा हलकेपणा आहे. मग 'द बिगिनिंग' (२०२१) बघा, यात शपथेआधीची गोष्ट आहे. सुरुवातीलाच त्याचे हात बांधलेले आहेत, तो समोरच्याचा कान चावून तोडतो आणि तलवार दातात धरून वार करतो. पुढे हात सुटल्यावरही कसरती नाहीत, एका वारात माणूस खाली. तोच नट, तोच ॲक्शन डायरेक्टर, पण शरीर वेगळ्या माणसाचं वाटतं. इतकं नीट बसवलेलं काम मी हल्लीच्या सिनेमात क्वचित पाहिलंय.

'इप मॅन'बद्दल (२००८) तुमची तक्रार रास्त आहे. इप मॅन हा खरोखरचा कुंगफू उस्ताद, पण जपानी जनरलशी जाहीर द्वंद्व वगैरे सगळी कल्पनेची भरारी. पण त्याची ॲक्शन सॅमो हंगची आहे, आणि ती देशभक्तीपेक्षा हुशार आहे. पहिल्या भागात डॉनी येन घरात बंद दाराआड लढतो, समोरच्याला लागू नये म्हणून हात नाकापाशी आणून थांबवतो. दांडगाई करायला आलेल्या जिनला तर तो चक्क पिसांच्या झटकणीने हरवतो. मग युद्ध, उपासमार, मित्राचा खून, आणि दहा कराटेवाल्यांसमोर तेच तंत्र. आता हात थांबत नाही, हाडं मोडतात. इप मॅन बदलला हे कुठल्याही संवादाआधी कळतं. एवढं डोक्यात ठेवून ते दोन प्रसंग एकापाठोपाठ परत बघा, बाकीचा पळवला तरी चालेल. दुसऱ्या भागात (२०१०) येन आणि खुद्द सॅमो यांची गोल टेबलावरची फाईट आहे, तीही चुकवू नका.

सॅमो, जॅकी चॅन आणि युएन ब्याव हे तिघे हाँगकाँगच्या एकाच पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय आणि कसरतींचं चिनी संगीत नाटक) शाळेत लहानाचे मोठे झाले. ऑपेरात झांजा-ढोलाच्या ठेक्यावर लढायचं असतं, आणि तो ठेका यांच्या फायटीत राहिला. तीन-चार झटपट वार, मग क्षणभर सगळं स्तब्ध. तिहाई संपून सम यावी तसा तो थांबा येतो आणि तिथेच प्रेक्षक श्वास घेतो.

आता हॉलिवूड. तिथे सरसकट पद्धत अशी की फाईट दोन-तीन कॅमेऱ्यांनी शूट करायची आणि कुठला तुकडा घ्यायचा हे एडिटिंगला ठरवायचं. हाँगकाँगवाले प्रत्येक दोन-चार वारांसाठी कॅमेरा नव्याने लावतात, जो कोन त्या वाराला लागतो तोच. वेळ खूप जातो, पण शॉटमध्ये मारणारा आणि मार खाणारा दोघंही पूर्ण दिसतात. मार खाणारा तर फार महत्त्वाचा. ठोसा जोरात बसला असं वाटतं ते त्याच्या पडण्यामुळे. वर कपड्यांवर पावडर टाकतात, ठोसा बसला की धूळ उडते. सेकंदाला चोवीसऐवजी बावीस फ्रेमने शूट करून वेग किंचित वाढवायचा ही जुनी चलाखी. हॉलिवूडचा हिरो महिना-दोन महिने शिकून येतो, मग त्याचं अज्ञान लपवायला कॅमेरा हलवायचा आणि कट मारायचे. 'जॉन विक' याला अपवाद, आणि कारण परत तेच: दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मुळात स्टंटमन, 'द मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्ह्जचा डबल. आणि 'मेट्रिक्स'च्या फायटी बसवल्या होत्या हाँगकाँगच्या युएन वू-पिंगने.

'द रेड'ने (२०११) दमवलं हे मी समजू शकतो. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स वेल्सचा, पण फायटी इको उवाइस आणि यायान रुहियान या सिलाट (इंडोनेशियाकडची युद्धकला) खेळणाऱ्यांनीच बसवल्या. सिलाटमध्ये अंतर ठेवून ठोसे मारत बसत नाहीत, अंगाला भिडून सांधा पकडायचा आणि माणूस खाली आणायचा, त्यामुळे बघणाऱ्यालाही उसंत नाही. पण रुहियानच्या मॅड डॉगचा एक प्रसंग आठवा: हातात पिस्तूल असताना तो ते बाजूला ठेवतो, कारण गोळी झाडण्यात त्याला मजाच येत नाही.

अजून काही नावं झटपट. टोनी जाचा 'टॉम यम गूंग' (२००५), त्यात जिन्यावरून वर चढत जाणारा जवळपास चार मिनिटांचा एक सलग शॉट आहे, कथा विसरा. श्यू हाओफंगचा 'द फायनल मास्टर' (२०१५) उलट टोकाचा, थंड डोक्याचा. शेवटी एका गल्लीत नायक एकामागून एक उस्तादांशी निरनिराळ्या शस्त्रांनी लढतो. ते बघताना मला दरवेळी वाटतं, आपल्या मर्दानी खेळातला दांडपट्टा अशा माणसाच्या हाती पडायला हवा. पट्ट्यात मनगट जखडलेलं असतं, वार खांद्यातून फिरतो, त्यावर काय फाईट बसेल! हलकंफुलकं हवं असेल तर 'बेबी ॲसॅसिन्स' (२०२१): दोन आळशी पोरी, धंदा सुपारी घेऊन खून करण्याचा, आणि त्यातली साओरी इझावा मुळात स्टंटवाली. बसवणारा केन्सुके सोनोमुरा, नाव लक्षात ठेवा.

घरचं एक सांगायचं तर 'किल'. फायटी कोरियाचे ओह से-यंग आणि आपले परवेझ शेख यांच्या. रेल्वेच्या डब्यातला बर्थमधला बोळ, बस्स तेवढीच जागा, आणि सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ निम्म्यात. तिथून पुढे सिनेमाचा स्वभावच बदलतो.

जिथे मिळेल तिथे मूळ भाषेतच बघा, सबटायटल लावून. हिंदी डबमध्ये फाईटचे आवाजही कधी कधी बदललेले असतात. आणि 'द नाइट कम्स फॉर अस' (२०१८) कोणी कितीही सुचवला तरी सध्या लांब ठेवा. 'रेड'ने दमलात ना, मग त्यातली मटणाच्या दुकानातली फाईट जेवणाआधी बघवणार नाही.