कॅरिबियन क्रूझवर असताना स्कुबा डायव्हिंग शिकून होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : डिसेंबरात मायामीहून सात रात्रींची क्रूझ, वाटेत ग्रँड केमन आणि कोझुमेल, दोघांनीही 'मालवणला स्कुबा केलेलं आहे', तर ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगच्या परवान्याचा पहिला कोर्स क्रूझवरच उरकेल का, कुठल्या बंदरात करावा आणि खर्च किती.

आधी मालवणचं बोलू, कारण हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. मालवणला तुमच्या टँकला धरून प्रशिक्षक मागे होता. जाकिटात, म्हणजे बीसीडीत, हवा भरणं-सोडणं त्याच्या हातात होतं. किती खाली जायचं, कधी वर यायचं, टँकमध्ये किती हवा उरली, हे सगळं तोच बघत होता. तुम्ही तोंडाने श्वास घेतलात आणि फोटो काढून घेतलेत. तो अनुभव छानच असतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याला ट्राय डाइव्ह म्हणतात. डायव्हिंगमधलं जे शिकायचं असतं, त्यातलं एकही काम त्या वेळी तुमच्याकडे नव्हतं. आणि पाठीवरच्या त्या टँकमध्ये 'ऑक्सिजन' नव्हता, साधी गाळून दाबलेली हवा होती.

आता कोर्स. कागदोपत्री होऊ शकतो, पण तुमच्या वेळापत्रकात करू नका. पाडी (डायव्हिंग शिकवून कार्ड देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या ओपन वॉटरमध्ये तीन भाग असतात : थिअरी, पोहण्याच्या तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. थिअरी ऑनलाइन होते, तिला आठ-दहा तास तरी धरा. तलावातल्या सरावाची पाच सत्रं असतात. समुद्रातल्या चार डाइव्ह एकाच दिवशी करता येत नाहीत, किमान दोन दिवस लागतात. शिवाय न थांबता 200 मीटर पोहणं (कुठलाही स्ट्रोक, वेळेचं बंधन नाही) आणि दहा मिनिटं आधाराशिवाय तरंगणं. काही मोठ्या जहाजांवर तलावातला सराव घेतात, पण तुमच्या जहाजावर आहे का ते बुकिंगआधीच विचारायला हवं.

बंदरात जहाज साधारण आठ-नऊ तास असतं. उतरायला एक तास, परतायची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधी, मधल्या वेळात होडीवरून दोन डाइव्ह म्हणजे चार तास गेले. एका बंदरात दोन, दुसऱ्यात दोन, असे चार कसेबसे जमतात. पण ग्रँड केमनला क्रूझची जहाजं धक्क्याला लागत नाहीत. नांगर टाकून लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात आणि लाटा मोठ्या असल्या की कप्तान ते बंदर सरळ वगळतो. कोझुमेलला हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट येते, तिला तिथे 'नोर्ते' म्हणतात. ती आली की बंदर अधिकारी लहान होड्यांना समुद्र बंद करतात. दोनपैकी एक दिवस गेला की तुमचा कोर्स अर्ध्यावर.

म्हणून निघायच्या आधी कोर्स इकडेच पूर्ण करा. ऑक्टोबरपासून आपल्याकडचा हंगाम सुरू होतो. अंदमानात हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, गोवा, किंवा तारकर्लीत एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था आहे. चार दिवस काढलेत की डिसेंबरात तुम्ही 18 मीटरपर्यंत जाण्याचं कार्ड घेऊन कॅरिबियनमध्ये उतराल. तेवढी सुट्टी नसेल तर थिअरी आणि तलाव इकडे उरका, प्रशिक्षकाकडून रेफरलचा कागद सही करून घ्या (शेवटच्या तलावसत्रापासून बारा महिने चालतो) आणि फक्त समुद्रातल्या डाइव्ह तिकडे करा. मात्र दोन बंदरांतल्या डायव्हिंगच्या दोन वेगळ्या दुकानांना आधी मेल करून विचारा, कारण दुसऱ्याने अर्धवट सोडलेला विद्यार्थी घ्यायला बरेच जण तयार नसतात. दोनच डाइव्ह झाल्या तरी पाडीचं 'स्कुबा डायव्हर' नावाचं खालच्या पायरीचं कार्ड मिळू शकतं : 12 मीटर आणि सोबत व्यावसायिक असणं सक्तीचं.

क्रूझच्या सहलीत विकली जाणारी ट्राय डाइव्ह घ्यायचीच असेल तर ती कशी जाते ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची ती एकाच जागी बिघडते : कानात.

सकाळी दुकानात पोचल्यावर अर्धा तास बोलणं, फॉर्म, मग कंबरभर पाण्यात दोन-तीन कौशल्यं. रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा देणारं तोंडातलं साधन, काढून परत घालणं, त्यातलं पाणी फुंकून काढणं, मास्कमधलं पाणी काढणं. मग खोल पाण्याकडे. आणि इथे, पहिल्या दोन मीटरमध्ये, माणसं चूक करतात. 'अजून खाली गेलोच कुठे' असं म्हणून कान मोकळे करत नाहीत.

गणित बघा. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. कानाच्या पडद्यामागे हवेची बंद पोकळी आहे. तीन मीटरवर तिच्यातली हवा मूळच्या सुमारे 77 टक्के होते, पाच मीटरवर दोन-तृतीयांश, दहावर निम्मी. त्यापुढे वीस मीटरपर्यंत गेलात तर निम्म्यावरून एक-तृतीयांश, म्हणजे बदल उलट कमी. सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्ये आहे आणि त्यातलाही मोठा हिस्सा पहिल्या पाचात. 'पाचच मीटर तर जायचंय, काय होतंय' असं सांगणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडतोय, आणि हे आकडे त्यांच्यासाठीच लिहिलेत.

घसा आणि कान जोडणारी जी नळी आहे, युस्टेशियन नलिका, तिचं घशाकडचं तोंड मऊ असतं. बाहेरचा दाब खूप वाढेपर्यंत तुम्ही थांबलात तर ते दाबाने मिटतं, आणि मग नाक दाबून कितीही फुंकलं तरी उघडत नाही. जोर केलात तर पडद्याला किंवा आतल्या कानाला इजा होते. म्हणून पहिलं इक्वलाइज, म्हणजे कान मोकळे करणं, पाण्याच्या पृष्ठभागावरच करायचं, डोकं बुडण्याआधी. मग दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न बघता. नाकपुड्या मास्कवरून चिमटीत धरायच्या आणि हळू फुंकायचं, किंवा नाक धरून आवंढा गिळायचा. कान मोकळा झाल्याचा बारीक 'टक्' आवाज येतो. एक कान अडला तर तो कान वर येईल अशी मान कलवा. पाय खाली ठेवून दोरीला धरून उतरा, डोकं खाली करून जाऊ नका, उलट्या स्थितीत नळी अवघड उघडते.

दुखलं, तर थांबायचं. 'थोडं सोसा, खाली गेल्यावर आपोआप सुटतं' हा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल, होडीवरचा सहप्रवासी देईल, घरचे देतील. तो चुकीचा आहे, दरवेळी चुकीचा आहे. खाली गेल्यावर दाब वाढतो, सुटतं कसं? प्रशिक्षकाला हात आडवा हलवून 'प्रॉब्लेम'ची खूण, मग बोट कानाकडे, आणि एक मीटर वर. तिथे परत प्रयत्न. तीनदा जमलं नाही तर त्या दिवशी डाइव्ह नाही. सर्दी असेल तर सकाळीच नाही म्हणा. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका : गोळीचा असर खाली असताना ओसरला की वर येताना कानात हवा अडकते, आणि खाली राहता येत नाही, वर येता येत नाही.

मास्कचं थोडक्यात. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडल्यावर टिकला तर तो तुमचा मास्क. मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी भादरा, नाहीतर पाणी झिरपत राहतं. पाणी आलं की मास्कची वरची कड कपाळावर दाबा, तोंडाने श्वास घ्या, नाकाने सोडत मान वर करा. पाणी खालून निघून जातं. घोटाळा होतो तो असा की पाणी नाकाला लागताच माणूस नाकाने श्वास घेतो, ठसका लागतो आणि तो वर पळतो. घाबरून वर पळताना श्वास कोंडलेला असतो, आणि तेच सगळ्यात घातक. पाच मीटरवर भरलेल्या फुप्फुसातली हवा वर येईपर्यंत दीडपट होते. दीड मीटर पाण्यातूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास कधीच रोखायचा नाही, हा नियम थिअरीत पहिला येतो तो याचसाठी. एरवी वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

याच कारणासाठी 'पोहता येत नसलं तरी चालतं' हे मला मान्य नाही. ट्राय डाइव्हला नियमाने चालतं, हे खरं. पण तोंडात पाणी गेल्यावर न घाबरणं ही पोहणाऱ्याची सवय आहे, तासाभरात ती लागत नाही. डिसेंबरला वेळ आहे, आजपासून तलावावर जा.

कार्ड हातात आलं की बुडण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाच्या वजनाकडे लक्ष द्या. भाड्याच्या दुकानात घाईने दोन-तीन किलो जास्त शिसं देतात. मग तुम्ही बीसीडीत सारखी हवा भरता, उभे तरंगता, पायांनी प्रवाळ तोडता आणि हवा लवकर संपवता. तपासायचं असं, पृष्ठभागावरच : बीसीडी रिकामी, साधा श्वास धरून पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की हळू बुडायला हवं. टँक भरलेला असताना तपासलंत तर दोनेक किलो वाढवा, कारण अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या टँकमधली हवाच अडीच किलोच्या वर भरते आणि ती वापरली की तुम्ही हलके होता. टँकचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का हे बघायला रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घेत गेजकडे, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे, बघा. काटा प्रत्येक श्वासाला खाली पडत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. 200 बारने (बार हे दाबाचं एकक) सुरुवात, 50 बार उरले असताना होडीवर.

बंदरांचं म्हणाल तर पहिल्या डाइव्हसाठी ग्रँड केमन चांगलं. जॉर्ज टाउनला उतरल्यावर जवळच ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रॉटो या डाइव्हच्या दोन जागा किनाऱ्यावरूनच करता येतात, होडीची गरज नाही, पाणी स्वच्छ. कोझुमेल अप्रतिम आहे, पालांकारचे प्रवाळकडे बघण्यासारखे आहेत, पण तिथली डाइव्ह प्रवाहासोबत वाहत जाण्याची असते, होडी वरून मागे येते. कानासाठी एका जागी थांबायला नवख्याला तिथे वाव नसतो, म्हणून कोझुमेल कार्ड मिळाल्यावर. हातमोजे तिथल्या सागरी उद्यानात चालत नाहीत. क्रूझ अजून बदलता येत असेल तर बोनेर हे बेट लागणारी दक्षिण कॅरिबियनची घ्या. तिथे किनाऱ्यावरच्या पिवळ्या दगडांवर डाइव्हच्या जागांची नावं आहेत, तुम्ही चालत पाण्यात शिरता. निसर्गशुल्क मात्र भरावं लागतं.

घड्याळाची एक गोष्ट. कोझुमेल आणि केमन वर्षभर एकच वेळ पाळतात. डिसेंबरात ती मायामीशी जुळते, उन्हाळ्यात एक तास मागे असते. क्रूझ उन्हाळ्यावर ढकललीत तर दुकानाला 'जहाजाची वेळ की बेटाची' हे लेखी विचारा. जहाजाने विकलेली सहल उशिरा आली तर जहाज बहुधा थांबतं, तुम्ही स्वतः ठरवलेल्या दुकानासाठी थांबत नाही. विमानाआधी एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर 18 तास मोकळे ठेवा.

खर्चाचा आकडा देत नाही, दुकानागणिक आणि हंगामागणिक फरक आहे. फक्त भाव विचारताना सामान, होडी, उद्यानाचं शुल्क आणि टिप धरून विचारा. साध्या प्रवासविम्यात स्कुबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. डॅनसारखा डायव्हिंगचा विमा वेगळा घ्या, दाबकक्षातले उपचार महाग असतात. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा, जहाज परत मायामीलाच येणार आहे.

आणि हे मी वर लिहायला हवं होतं : डायव्हिंगची वैद्यकीय प्रश्नावली आत्ताच डाउनलोड करून भरा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब, पंचेचाळिशीनंतरचे वेगळे प्रश्न. काही उत्तरं 'हो' आली की डॉक्टरांची सही लागते. बंदरात सकाळी साडेआठला ही सही कुठून आणणार? मग लोक खोटं 'नाही' लिहितात आणि उतरतात. गरोदरपणाची शक्यता असेल तर डाइव्ह नकोच, स्नॉर्केलिंग करा. आणि आदल्या रात्री जहाजावरचं ड्रिंक पॅकेज बाजूला ठेवा.