वाचक विचारतात : जुन्या घरातली काटकसर, फ्लॅटमधला संसार

राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंच्या माहेरी परसात उकिरडा होता, ओला कचरा घराबाहेर जातच नसे. आम्ही गॅलरीत बादलीत खत करायला घेतलं. उन्हाळ्यात बरं चाललं; जुलैत घाण वास सुटला, अळ्या झाल्या. सगळं टाकून द्यावं का?

अजिबात टाकू नका. परसातला उकिरडा चालायचा, कारण त्यात गोठ्यातलं शेण, जनावरांनी टाकलेला कडबा आणि झाडलोटीचा पाला रोज पडायचा. फ्लॅटमध्ये ओलं येतं, सुकं येतच नाही. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, हवाच ओली. बादलीत पाणी साठलं की हवा खेळत नाही, आणि हवेशिवाय कुजणाऱ्या कचऱ्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो. तुमचं बिघडलंय ते एवढंच.

आधी बादली जुन्या पोत्यावर उपसा. मूठभर कचरा घट्ट पिळून बघा. बोटांतून एखादा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर जितका कचरा तितकंच सुकं त्यात कालवा. बादलीला तळाशी आणि बाजूंनी पेन्सिल जाईल एवढी पंधरा-वीस भोकं पाडा, तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या अंथरा आणि बादली दोन विटांवर ठेवा. मग कचरा परत भरा. पुढं रोजच्या एका वाटी ओल्या कचऱ्यावर उन्हाळ्यात एक वाटी सुकं, पावसाळ्यात दोन. सगळ्यात वर कायम दोन बोटं सुक्याचा थर हवा. माशीला ओलं उघडं मिळालं नाही की ती अंडी घालत नाही. आता दिसतात त्या जाड, करड्या अळ्या खताला अपाय करत नाहीत, कचराच खातात. ओल आटोक्यात आली की त्या कमी होतात.

सुकं आणायचं कुठून? आपल्याकडं उसाचं पाचट आहे की! कसबा बावड्याकडं, शियेकडं ऊसतोड झाली की फडात पाचट पडून असतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा आणि मे संपायच्या आत दोन पोती भरून कोरड्या जागी ठेवा. पावसात भिजलेलं पाचट कामाचं नाही. पानाची कड हात कापते, म्हणून हातमोजे घालूनच बोटभर तुकडे करा. अख्खं पान टाकलं तर त्याचा गुंता होतो आणि महिनोन् महिने तसंच राहतं. पाचट नसेल तर वखारीतला लाकडाचा भुसा चालतो, पण प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

विरजणासारखं सुरुवातीला दोन मुठी ताजं शेण किंवा जुनं खत पुरतं. आठवड्यातून दोनदा काठीनं तळापर्यंत हलवा. मटणाची हाडं, माशाचे काटे, तेलकट रस्सा यात घालू नका. गॅलरीत उंदीर येतील. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत आणि मातीचा वास असलेलं खत होतं. आत हात घातल्यावर ऊब लागली तर अजून कच्चं आहे, कुंडीत घातलं तर मुळं जळतात. तयार खत चाळा आणि एका भागाला तीन भाग माती मिसळून वापरा.

आईच्या कपाटात सुती साड्या पडून आहेत. वाकळ शिवायची आहे, पण शिवून देणाऱ्या बायका आता मिळत नाहीत. घरी जमेल का?

जमेल, पण वेळ द्यावा लागेल. एकट्याला पांघरायची वाकळ सव्वादोन मीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद धरा. साडेपाच मीटरच्या साडीत असे दोन तुकडे निघतात आणि मीटरभर उरतं. तीन साड्यांत सहा थर. एवढे थर थंडीला पुरतात. आठ केले तर सुई चालत नाही आणि धुतल्यावर वाळायला दोन दिवस लागतात.

सगळ्या साड्या आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा. न धुता शिवल्या तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि वाकळ कायमची गोळा होते. फॉल सोडवून काढा, काठ जाड असेल तर कापून वेगळा ठेवा. सिंथेटिक साडी आतल्या थरातही घालू नका. ती सरकते, घामही टिपत नाही.

फरशीवर एकेक थर अंथरून मधून कडेकडं हात फिरवत हवा काढा. वीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. इथं घाई केली की पुढं चुण्या पडतात आणि त्या उसवल्याशिवाय जात नाहीत. कडेला उरलेल्या काठांची पट्टी लावा. मग जाड सुती दोरा दुहेरी घेऊन बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत या. दोन ओळींत बोटभर अंतर, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा ओढताना कापड गोळा होत नाही ना, हे दर वीतभरानं बघा. उरलेल्या मीटरभर तुकड्यांतून भाकरी गुंडाळायची फडकी करा. स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर बंद होईल.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची आमच्या घरची पद्धत. मुलगी म्हणते, विषबाधा होते. भाकरीचंही तसंच का?

भाताबद्दल मुलीचं म्हणणं गांभीर्यानं घ्या. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजतानाही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष फोडणीच्या आचेनं जात नाही. पद्धत मोडायची गरज नाही. जेवणं झाली की उरलेला भात पसरट ताटात निववा, तासाभरात झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत परता. ओट्यावर राहिलेला भात मात्र खतात घाला.

ज्वारीची भाकरी कोरडी असते, ती फडक्यात रात्रभर टिकते. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खी टाका. कुटके करायचे तर तीन भाकऱ्या हातानं कुस्करा, पाव वाटी ताक शिंपडून दहा मिनिटं झाका. मग कांदा, कढीपत्ता आणि चमचाभर कांदा-लसूण चटणीच्या फोडणीत परता. ताक जास्त झालं की लगदा होतो.

आजीची पितळी पातेली रोजच्या वापरात आणावी म्हणतो. कल्हई किती दिवस टिकते?

दिवसांवर नाही, वापरावर. आतून पिवळं दिसू लागलं की कल्हई संपली. त्यानंतर आमटी, ताक, टोमॅटो, चिंच, कोकम त्यात ठेवू नका; आंबटानं तांबं अन्नात उतरतं. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून रिकामं पातेलं आचेवर तापवायचं नाही, आधी पाणी किंवा तेल घालायचं. तारेच्या घासणीनं घासलं तर थर लवकर जातो. नारळाची शेंडी वापरा. कल्हई शुद्ध कथलाचीच करायला सांगा; शिसं मिसळलेली स्वस्त पडते, पण ती पोटात जाते.

तळणीचं तेल परत वापरणं ही काटकसर चालेल का?

एकदाच. गार झाल्यावर फडक्यातून गाळा, काचेच्या बरणीत अंधारात ठेवा आणि तीन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. त्यातच पुन्हापुन्हा तळू नका. तेल काळपट, चिकट झालं, गरम करताना फेस आला किंवा लवकर धूर निघाला की ते खायचं नाही. वापरलेल्या तेलात बिघडलेले घटक 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यालायक नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. घरी मोजता येत नाही, म्हणून या खुणा. मोरीत ओतलं तर नळीत थिजून तुंबतं. खरी बचत लहान कढईत आहे: पाव लिटरात थोडं थोडं तळा, म्हणजे उरतंच कमी.