‘बिल माफ होते’ एवढ्या भरवशावर निघू नका

तुमचा प्रश्न असा आहे: पतीला पीएच.डी.साठी न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांतील विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे, विद्यावेतन वर्षाला सुमारे ३४,००० डॉलर आहे, विद्यापीठ विमा फक्त त्यांचाच उतरवते आणि तुमचा व चार वर्षांच्या मुलाचा विमा घ्यायचा तर विद्यावेतनाचा मोठा हिस्सा त्यातच जातो. अमेरिकेत उत्पन्न कमी असले की रुग्णालये बिल माफ करतात, असे तुम्ही ऐकले आहे, आणि त्या आधारावर पहिले वर्ष विम्याविना काढावे का, असे विचारले आहे. बिल माफ होते हे खरे आहे, पण त्या आधारावर विम्याविना राहू नये. एवढे लिहून मला थांबता आले असते. पण मीही पतीच्या विद्यार्थी व्हिसावर अवलंबून असलेली पत्नी म्हणूनच या देशात आले, विमा नसताना माझी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि त्या बिलाचा मोठा भाग रुग्णालयाने माफ केला. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो मनातून जात नाही. व्हिसाची मुलाखत, बँकेचे खाते, घराचा करार यांविषयी काही लिहीत नाही. ती माहिती विद्यापीठ तुम्हाला देईलच.

आपल्या मनात गरिबांसाठीच्या उपचारांचे जे चित्र असते ते येथे लागू पडत नाही. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पुढे करावा लागतो आणि नातेवाइकांची सारी धावपळ खाट मिळवण्यासाठी असते. येथे तातडीच्या प्रसंगी खाट मिळते. १९८६ सालच्या संघराज्याच्या कायद्यानुसार, मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या शासकीय विमा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या कोणत्याही व्यक्तीची, पैसे देण्याची ऐपत न विचारता, तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते, आणि बहुतेक सर्व रुग्णालये त्या योजनेत आहेत. परंतु तो कायदा उपचार फुकट द्या असे कोठेही म्हणत नाही. रुग्ण बरा होऊन घरी आल्यानंतर टपालाने पाकिटे येऊ लागतात आणि धावपळ तेव्हा सुरू होते. ती बहुतांशी एकट्याने, फोन कानाला लावून करायची असते.

येथील अर्ध्याहून अधिक सार्वजनिक वापराची रुग्णालये ना-नफा तत्त्वावर चालतात आणि त्यामुळे त्यांना संघराज्याचा आयकर भरावा लागत नाही. त्या सवलतीच्या बदल्यात २०१० च्या आरोग्य कायद्याने आयकर कायद्यात कलम ५०१(आर) घातले. त्यानुसार अशा प्रत्येक रुग्णालयाला आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते, ते संकेतस्थळावर आणि रुग्णालयात सहज मिळेल असे ठेवावे लागते आणि बिलावरही त्याचा उल्लेख करावा लागतो. जो रुग्ण त्या धोरणात बसतो त्याच्याकडून, विमा असलेल्या रुग्णांच्या बाबतीत सामान्यतः जितकी रक्कम आकारली जाते त्याहून अधिक घेता येत नाही. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलाच्या तारखेपासून २४० दिवसांपर्यंत अर्ज स्वीकारावा लागतो, आणि पहिले १२० दिवस न्यायालयात दावा, पगारातून परस्पर कपात, पतनोंदणी संस्थांकडे तक्रार असे वसुलीचे कठोर मार्ग वापरता येत नाहीत. २४० दिवसांच्या आत अर्ज केला तर सुरू झालेली अशी कारवाईही निर्णय होईपर्यंत थांबवावी लागते. हे दोन आकडे लिहून ठेवा, कारण फोनवरचा माणूस ते स्वतःहून सांगेलच असे नाही.

मात्र किती उत्पन्नाला माफी द्यायची हे संघराज्याचा कायदा ठरवत नाही. ते रुग्णालय ठरवते, किंवा राज्याचा कायदा असेल तर तो. मोजमाप बहुधा संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या टक्केवारीत असते. २०२५ साठी तीन माणसांच्या कुटुंबाला ती रेषा २६,६५० डॉलर होती. म्हणजे तुमचे ३४,००० डॉलर तिच्या सुमारे १२८ टक्के होतात. वॉशिंग्टनमध्ये १ जुलै २०२२ पासून मोठ्या रुग्णालय-समूहांना ३०० टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाला रुग्णाच्या वाट्याचे बिल पूर्ण माफ करावे लागते आणि त्यापुढे ४०० टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी लागते. लहान रुग्णालयांतही तुमच्या उत्पन्नाला पूर्ण माफी बसते. न्यू जर्सीत २०० टक्क्यांपर्यंत पूर्ण आणि ३०० टक्क्यांपर्यंत अंशतः साहाय्य मिळते, परंतु तेथे मालमत्तेचीही अट आहे: एका व्यक्तीकडे ७,५०० आणि कुटुंबाकडे १५,००० डॉलरहून अधिक बचत नसावी. हे वाचून तुम्ही कदाचित सुटकेचा निःश्वास टाकाल. पतीच्या शैक्षणिक कर्जाची किंवा घरून आणलेली रक्कम खात्यात पडून असेल तर ती या हिशेबात कशी धरली जाते, हे विचारल्याशिवाय तो टाकू नका.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला अजूनही सलते. व्हिसासाठी विद्यापीठाचा आय-२० दाखला मिळवताना, पत्नीचा खर्च भागवण्यापुरते पैसे आहेत हे दाखवावे लागते. आमच्या बाबतीत ते माझ्या वडिलांच्या मुदत ठेवींच्या पावत्या आणि त्यांचे सही केलेले प्रायोजकपत्र दाखवून झाले. त्यानंतर काही काळाने त्याच फायलीत मी दुसरे पत्र ठेवले, ज्यात आमचे घर केवळ पतीच्या विद्यावेतनावर चालते, माझे उत्पन्न शून्य आहे आणि हे बिल भरण्याची आमची ऐपत नाही असे लिहिले होते. दोन्ही कागद खरे होते. ठेवी वडिलांच्या नावावर होत्या, अर्जात आमच्या घराचे उत्पन्न विचारले होते, आणि जे विचारले त्याचे उत्तर मी दिले. तरीही एकाच फायलीत एक कागद ‘भरपूर आहे’ म्हणतो आणि दुसरा ‘काही नाही’ म्हणतो, हे दृश्य मला पुसता आलेले नाही. वडिलांना मी सांगितले की शस्त्रक्रिया किरकोळ होती आणि खर्चाचे सर्व मार्गी लागले. त्या ठेवी मोडल्या असत्या तर काय झाले असते, हा हिशेब मी आजही अधूनमधून करते आणि तो कधी पूर्ण होत नाही. तुम्हीही हे दोन कागद लिहाल, अशी वेळ कदाचित येईल. दोन्हींत खरेच लिहा. त्याने बोचणी जात नाही, पण पुढे कोणी प्रश्न विचारला तर मान वर ठेवून उत्तर देता येते.

कागदपत्रांचा त्रास मात्र निव्वळ त्रासच होता, त्यात खोल असे काही नव्हते. अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांकाची चौकट होती. विद्यार्थ्याच्या पत्नीला मिळणाऱ्या एफ-२ व्हिसावर काम करण्याची परवानगी नसते, त्यामुळे तो क्रमांक मिळत नाही. चौकट रिकामी ठेवली म्हणून अर्ज अपूर्ण ठरवून परत पाठवण्यात आला. अशा वेळी ‘लागू नाही’ असे स्पष्ट लिहावे आणि सोबत व्हिसाची प्रत व दोन ओळींचे स्पष्टीकरण जोडावे. नंतर त्यांनी माझे उत्पन्न शून्य असल्याचा पुरावा मागितला. ज्याला नोकरी आहे त्याच्याकडे पगारपत्रक असते. ज्याला कायद्यानेच नोकरी करता येत नाही त्याने काय दाखवायचे? उत्पन्नाचा दाखला देणारे कार्यालय येथे नसते, आणि आयुष्यात प्रथमच मला तहसील कचेरीची आठवण आपुलकीने आली. शेवटी मी स्वतः लिहून सही केलेले निवेदन, पतीची विद्यावेतनपत्रके, त्यांचे आयकर विवरणपत्र आणि बँकेची अलीकडच्या महिन्यांची विवरणे यांवर काम झाले. प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, अर्ज पोहोचल्याची लेखी पोच घ्या आणि ज्याच्याशी बोललात त्याचे नाव व तारीख टिपून ठेवा. आर्थिक सल्लागार म्हणून रुग्णालयात जी व्यक्ती असते तिच्याशी शक्य असेल तर समोरासमोर बोला. माझ्या अनुभवात फोनवर अडलेले काम त्या खोलीत सुटले. दुभाषा मागण्यात कमीपणा मानू नका. रुग्णालयाला तो विनामूल्य पुरवावा लागतो, आणि उत्तम इंग्रजी येणाऱ्या माणसालाही बिलाची भाषा कळतेच असे नाही.

बिल आले की प्रथम तपशीलवार बिल मागा, नुसती एकूण रक्कम पाहून काही भरू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णालयाची माफी ही रुग्णालयाच्याच बिलाची असते. तातडीच्या विभागातील डॉक्टर, भूलतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ हे पुष्कळदा रुग्णालयाचे नोकर नसतात. त्यांचे गट स्वतंत्र बिले पाठवतात. कोणते डॉक्टर धोरणाखाली येतात आणि कोणते येत नाहीत याची यादी रुग्णालयाला ठेवावी लागते, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेला रुग्ण ती यादी वाचणार कधी? न्यू जर्सीच्या योजनेतही अशा स्वतंत्र बिलांना माफी मिळत नाही. रुग्णालयाचे माफीचे पत्र आल्याच्या आनंदात असतानाच भूलतज्ज्ञांच्या गटाचे बिल आले, आणि त्यांच्याकडे माफीचे कोणतेही धोरण नव्हते. ती रक्कम आम्ही हप्त्यांनी फेडली. मला राग रकमेचा नाही. ज्या माणसाला मी पाहिलेही नाही त्याचे देणे मी सर्वांत अधिक काळ वाहिले, याचा आहे.

एकटेपणाविषयी तुम्ही शेवटी एक ओळ विचारली आहे. तो असतो. मूल शाळेत जाऊ लागले की कमी होतो. त्यावर अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

विमा घ्याच असे मी का म्हणते? माफीचे धोरण तातडीच्या आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक अशा रुग्णालयीन उपचारांसाठी असते. मुलाचा ताप, कान दुखणे, औषधांच्या दुकानातील खर्च, दात, चष्मा या गोष्टी सामान्यतः त्यात येत नाहीत, आणि लहान मूल घरात असताना खर्च याच वाटांनी होतो. शिवाय माफी मागाहून मिळते. विमा नसलेला माणूस दुखणे अंगावर काढतो, कारण दारात पाऊल टाकण्यापूर्वी त्याला बिल दिसू लागते. मीही पोट दुखत असताना रात्रभर वाट पाहिली, आणि तेव्हा हे धोरण अस्तित्वात असूनही माझ्या कोणत्याही उपयोगाचे नव्हते. विद्यापीठाचा कुटुंबविमा परवडत नसेल तर किमान मुलाचा तरी घ्या, आणि त्या राज्यात कायदेशीर वास्तव्य असलेल्या मुलांसाठी शासकीय योजना आहे का ते पोहोचताच विचारा. किरकोळ आजारांसाठी संघराज्याच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे असतात. तेथे उत्पन्नानुसार शुल्क घेतात, दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत सवलत देतात आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. विमा असला तरी रुग्णाच्या वाट्याची रक्कम राहतेच, आणि पुष्कळ रुग्णालये त्या रकमेवरही माफी देतात. तेव्हा विमा घेतला म्हणजे अर्जाचा मार्ग बंद झाला, असे समजू नका. एक लक्षात घ्या की जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसावर आलेल्यांना कुटुंबासह विमा असणे संघराज्याच्या नियमानेच बंधनकारक आहे. एफ म्हणजे आपल्या विद्यार्थी व्हिसावर तसे बंधन नाही, म्हणूनच आपल्यासारखी कुटुंबे या फटीत सापडतात.

राहिला व्हिसाचा प्रश्न. माफी घेतली तर पुढे ग्रीन कार्डच्या वेळी ‘शासनावर भार’ ठरू का, ही तुमची भीती मला ठाऊक आहे, कारण तिच्यामुळेच अनेक जण अर्ज न करता क्रेडिट कार्डावर बिल भरतात. २०२२ च्या नियमानुसार मुख्यतः उत्पन्नासाठी दिलेली शासकीय रोख मदत आणि शासनाच्या खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणे एवढेच यात मोजले जाते. रुग्णालयाने स्वतःच्या धोरणानुसार दिलेली माफी ही अशी मदत नव्हे. पण ही व्याख्या सरकारबरोबर बदलते. २०१९ मध्ये ती खूप रुंदावण्यात आली होती आणि २०२१ मध्ये तो नियम रद्द झाला. त्यामुळे तुमचा अर्ज ज्या वर्षी असेल त्या वर्षीचा नियम स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारा. गणेशोत्सवाच्या रांगेत भेटलेल्या अनुभवी काकांना विचारू नका, कारण त्यांचा अनुभव त्यांच्या वर्षाचा असतो.