पिवळसर झाक असलेल्या त्वचेला स्वेटरचा कोणता रंग शोभतो?

थंडीच्या तोंडावर आलेल्या पत्रांमध्ये यंदा टाक्यांपेक्षा रंगांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

मी सावळी आहे. दुकानात कायम ऐकायला मिळतं की सावळ्या रंगावर गडद घेऊ नका, फिकट घ्या. मैत्रीण म्हणते, मनगटाच्या शिरा हिरवट दिसतात म्हणजे तुझा अंडरटोन वॉर्म आहे. हे खरं का? (नाशिक)

दुकानातलं ते वाक्य आधी मनातून काढून टाका. त्वचा गोरी, गव्हाळ की सावळी, हा एक प्रश्न. तिच्यात झाक पिवळसर-सोनेरी आहे की गुलाबी-निळसर, हा दुसरा. या झाकेलाच अंडरटोन म्हणतात, आणि पिवळसर झाक म्हणजे वॉर्म. अगदी गोऱ्या त्वचेतही पिवळी झाक असते आणि सावळ्या त्वचेतही निळसर झाक असते. स्वेटरचा रंग जुळतो की नाही हे मुख्यतः या झाकेवर ठरतं. गडद विटकरी, मेंदी, मोरपंखी हे रंग सावळ्या आणि पिवळसर झाकेच्या त्वचेवर जे तेज आणतात, ते फिकट बदामी रंगाला जमत नाही. तो अनेकदा त्वचेवर राखेसारखा बसतो.

शिरांची खूण फसवी आहे. सावळ्या त्वचेत शिरा बहुतेक वेळा हिरवटच दिसतात, नाहीतर दिसतच नाहीत. त्यापेक्षा ही चाचणी करा. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर आरसा ठेवा. चेहरा धुऊन पंधरा मिनिटं थांबा, कारण धुतल्याबरोबर त्वचा लालसर असते. क्रीम, पावडर काही नको. कुंकू-टिकली काढा, केस पांढऱ्या रुमालाने झाका. आता हनुवटीखाली आधी नीळ दिलेला शुभ्र पांढरा कपडा धरा, मग सायीच्या रंगाचा. पुन्हा हेच राणी आणि अबोली रंगाच्या कपड्यांनी करा.

कपड्याकडे बघायचं नाही, डोळ्यांखाली बघायचं. तिथली वर्तुळं आणि नाकाच्या बाजूच्या घड्या सायीच्या व अबोली रंगाने पुसट झाल्या आणि शुभ्र व राणी रंगाने गडद झाल्या, तर झाक पिवळसर आहे. दोन्हींनी फरक पडला नाही तर तुमची झाक मधली आहे आणि रंगांच्या बाबतीत तुम्हाला मोकळं रान आहे.

वॉर्म त्वचेला मोहरी रंग हमखास शोभतो असं वाचून 450 ग्रॅम लोकर आणली, पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. घातल्यावर चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. आता काय करू? (पुणे)

उसवू नका, स्वेटर वाचतो. पण आधी असं का झालं ते बघू, म्हणजे पुढची लोकर घेताना चूक होणार नाही.

मोहरी हा एक रंग नाही. एक मोहरी केशरीकडे झुकते, मोहरीच्या फोडणीसारखी तांबूस. दुसरी हिरव्याकडे झुकते, कच्च्या लोणच्याच्या फाकेसारखी. पिवळसर त्वचेला पहिली चालते. दुसरी गळ्याशी आली की तिचा हिरवट उजेड हनुवटीवर आणि मानेवर पडतो आणि चेहरा आजारी दिसतो. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये हा फरक कळत नाही. त्या उजेडात लाल-केशरी अंश कमी पडतो, त्यामुळे दोन्ही मोहऱ्या सारख्याच मळकट वाटतात. लोकर घेताना गुंडा दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या उजेडात नेऊन बघायचा. दुकानदाराला वाईट वाटत नाही.

दुसरं कारण विणीचं आहे. गुंड्यात धागा घट्ट, गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. विणल्यावर टाक्याटाक्यात सावली पडते, रंग अर्ध्या छटेने गडद आणि मंद होतो. साध्या सुलट विणीत कमी, जाड रिबमध्ये आणि वेण्यांच्या डिझाइनमध्ये जास्त. म्हणून गुंड्यावरून रंग ठरवू नये. 9 नंबरच्या सुयांवर 30 टाके घालून 30 ओळींचा नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि हनुवटीखाली धरून बघावा. लोकर लच्छीत असेल तर आणखी सोपं, लच्छी मोकळी करून हारासारखी गळ्यात घालायची.

आता दुरुस्ती. गळ्याची पट्टी तेवढी उसवा आणि गडद विटकरी रंगात पुन्हा विणा. 30 ग्रॅम लोकर पुरते. 10 नंबरच्या सुयांवर टाके उचला. आडव्या कडेला टाक्यामागे एक, उभ्या-तिरक्या कडेला चार ओळींमागे तीन. चाराला चार उचलले तर पट्टी पाण्याच्या लाटेसारखी उभी राहते, चाराला दोन उचलले तर गळा आवळतो. एक सुलट, एक उलट अशा आठ ते दहा ओळी विणा आणि टाके सैल बंद करा, नाहीतर डोकं जाणार नाही. बाह्यांच्या कडांनाही तोच रंग दिला की पट्टी मागाहून जोडल्यासारखी वाटत नाही. विटकरी लोकर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सुटत असेल तर पहिल्याच धुण्यात मोहरी स्वेटरवर तांबडे डाग पडतील.

चेहऱ्याजवळची अरुंद पट्टी एवढा फरक करते, कारण डोळा रंग कधी सुटा बघत नाही, शेजाऱ्यासकट बघतो. हे लोकरीवरूनच उमगलं होतं. पॅरिसच्या गोबलँ या चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून 1824 मध्ये नेमले गेलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल यांच्याकडे तक्रार आली की तिथली काळी लोकर फिकी दिसते. तपासल्यावर कळलं की लोकरीत दोष नाही, पडद्यांच्या विणीत तिच्या शेजारी निळा आणि जांभळा धागा येतो म्हणून ती फिकी वाटते. तुमच्या चेहऱ्याचा शेजारी म्हणजे स्वेटरचा गळा.

डिसेंबरात तिबेटी विक्रेत्यांच्या स्टॉलवरून घरातल्या सगळ्यांचे स्वेटर घेतो. आम्हा सगळ्यांचीच त्वचा पिवळसर झाकेची. कोणते रंग घ्यावेत आणि कोणते टाळावेत? (नागपूर)

टाळण्याची यादी आम्ही देणार नाही, कारण जवळपास प्रत्येक रंगात तुम्हाला शोभणारं एक भावंडं असतंच. लाल हवा असेल तर शेंदरी किंवा सुक्या मिरचीचा लाल घ्या, राणीकडे झुकलेला नको. गुलाबी हवाच असेल तर अबोली आणि पीच आहेत. हिरव्यात मेंदी, शेवाळी, बॉटल ग्रीन उत्तम, पुदिन्यासारखा थंडगार फिकट हिरवा चेहऱ्याचा रंग ओढून घेतो. निळ्यात मोरपंखी सगळ्यात भरवशाचा, कारण त्यात हिरव्याचा अंश असतो. आकाशी घ्यायचा तर हिरवट आकाशी घ्या. जांभळ्यात मात्र निवड अवघड आहे. फिकट जांभळा पिवळ्याच्या अगदी विरुद्ध बाजूचा, त्याच्या शेजारी त्वचेतला पिवळेपणा दुप्पट दिसतो. अंजिरी, वांगी आणि आमसुली रंगांत लाल अंश भरपूर असतो, त्यामुळे ते चालतात. करड्या रंगात दोऱ्याकडे अगदी जवळून बघा. मिश्र धाग्याच्या स्वेटरमध्ये काळ्या-पांढऱ्यासोबत तपकिरी तंतू दिसला तर घ्या, निळसर तंतू दिसला तर ठेवून द्या.

पांढऱ्याबद्दल थोडं अधिक. अ‍ॅक्रिलिकच्या पांढऱ्या स्वेटरला बहुधा चमक आणणारं रसायन दिलेलं असतं, त्यामुळे तो उन्हात निळसर पांढरा दिसतो. न रंगवलेली मेंढीची लोकर मुळातच सायीच्या रंगाची असते. पिवळसर झाकेला ही दुसरी घ्यावी. महाग असेल तर अ‍ॅक्रिलिकमध्येच मोतिया किंवा ऑफ-व्हाइट मागा.

आणि खरेदी दिवसा करा. हे स्टॉल संध्याकाळी फुलतात, पण पिवळ्या दिव्याखाली सगळेच रंग उबदार दिसतात आणि थंड रंगही तुम्हाला फसवून घरी येतात. संध्याकाळीच जावं लागलं तर सायीच्या रंगाचा रुमाल सोबत न्या. त्याच दिव्याखाली रुमाल आणि स्वेटर शेजारी धरले की स्वेटरमधला निळसरपणा बऱ्यापैकी कळतो.

परदेशातून भेट आलेला शुद्ध लोकरीचा फिकट बेबी पिंक स्वेटर आहे, 350 ग्रॅमचा. मला अजिबात शोभत नाही. घरी रंग बदलता येईल का? (इंदूर)

येईल. फिकट गुलाबीवर पिवळा चढवला की पीच किंवा अबोली मिळतो, म्हणजे नेमका तुम्हाला हवा तो. रंगावर रंग चढवताना एक लक्षात ठेवा, रंग गडदच होत जातो, फिका होत नाही.

आधी शिवणीतून आतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळणारी राख झाली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर त्यात अ‍ॅक्रिलिक किंवा तत्सम धागा आहे, त्यावर हा प्रयोग करू नका.

दसऱ्या-दिवाळीच्या तोरणांतले झेंडू वाळवून ठेवले असतील तर उत्तम. केशरी आणि पिवळ्या पाकळ्या, वाळलेल्या 200 ग्रॅम. तुरटी 35 ग्रॅम, म्हणजे स्वेटरच्या वजनाच्या दहावा हिस्सा. 12 लिटरचं स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडाचं नको, लोह उतरलं की पिवळा शेवाळी होतो. पाकळ्या 6 लिटर पाण्यात पाऊण तास उकळून फडक्याने गाळून घ्या. एखादी पाकळी राहिली तर तिचा डाग बसतो.

स्वेटर तासभर कोमट पाण्यात भिजवा. सुका टाकला तर रंग ढगाढगांनी चढतो. तुरटी गरम पाण्यात विरघळवून पातेल्यातल्या भरपूर कोमट पाण्यात मिसळा, स्वेटर बुडवा आणि अर्ध्या तासात हळूहळू तापवा. पाण्यातून वाफ यावी, बुडबुडे येऊ नयेत. तसंच पाऊण तास ठेवून त्याच पाण्यात थंड होऊ द्या. मग तेवढ्याच उष्णतेच्या झेंडूच्या पाण्यात घाला आणि पुन्हा त्याच रीतीने तापवा. वीस मिनिटांनी एक कोपरा उचलून बघा. ओला रंग सुकल्यावर दोन छटा फिका होतो, त्यामुळे हव्या त्यापेक्षा थोडा गडद झाला की आच बंद करा. स्वेटर पातेल्यातच थंड होऊ द्या.

लोकरीचं वाटोळं दोन गोष्टींनी होतं, ढवळल्याने आणि गरमातून एकदम गार पाण्यात टाकल्याने. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, स्वेटर नमद्यासारखा जाड होऊन आकसतो आणि तो परत मोकळा होत नाही. म्हणून लाकडी चमच्याने फक्त खाली दाबायचं. शेवटी कोमट पाण्यात खळबळून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवा वाळवा. शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल तर ती गुलाबीच राहील, तेवढी तयारी ठेवा.

हळद वापरू नका. रंग पहिल्या दिवशी मोहक दिसतो, पण उन्हाने काही दिवसांत उडतो. आणि हाच प्रयोग फिकट जांभळ्यावर करू नका, पिवळा आणि जांभळा मिळून मातकट होतो. त्यावर मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग चढवला तर विटकरी-मरून रंग येतो.

यजमानांना ऑफिसात नेव्ही ब्ल्यू किंवा काळाच स्वेटर लागतो. त्यांचा वर्ण गव्हाळ, झाक पिवळसर. (ठाणे)

व्ही गळ्याचा घ्या. मग चेहऱ्याशी स्वेटर येत नाही, शर्टाची कॉलर येते. शर्ट सायीचा, फिकट पिवळा किंवा पीच असला की झालं.

केस पांढरे झाल्यापासून माझा आवडता शेंदरी स्वेटर डोळ्यांवर येतो. त्वचेची झाक वयाने बदलते का? (कोल्हापूर)

झाक सहसा तीच राहते, बदलते ती केस आणि चेहरा यांच्यातली तफावत. काळ्याभोर केसांखाली शेंदरी तोलला जायचा. आता वर रुपेरी केस आहेत, त्यामुळे खालचा रंग एकटाच ओरडतो. रंगाचं कूळ सोडू नका, आवाज कमी करा. शेंदरीऐवजी फिकी वीट, मोहरीऐवजी मध, बॉटल ग्रीनऐवजी शेवाळी घ्या. धागाही बदलून बघा, मोहेरसारख्या केसाळ लोकरीत रंग आपोआप मऊ होतो.

जुना शेंदरी टाकू नका. सायीच्या रंगाची 200 ग्रॅम लोकर घेऊन 8 नंबरच्या सुयांवर लांब मफलर विणा आणि गळ्याशी दोन वेढे देऊन त्याच स्वेटरवर घाला. सगळे गुंडे एकाच डाय लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना, हे लेबलवर तपासून घ्या. दोन लॉट आलेच तर दर दोन ओळींनी गुंडा बदलत विणा, म्हणजे मध्येच पट्टा दिसणार नाही.