उष्णतेचा हिशेब आधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात पेन्सिलीने खुणा केल्या. ‘फक्त कूलिंग’ हे शब्द तू त्यात चार वेळा लिहिले आहेस. प्रोसेसरच्या आराखड्याचे काम मिळेल या अपेक्षेने तू त्या कंपनीत गेलीस, तुला कोल्ड प्लेटच्या, म्हणजे चिपेला चिकटून तिची उष्णता पाण्यात ओढून घेणाऱ्या धातूच्या पाटीच्या, गळतीच्या चाचण्यांवर बसवले, बरोबरीची मुले तुमच्या गटाला प्लंबर म्हणतात, आणि आता कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, गटात जागा झाल्यामुळे महिनाअखेरीपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. जावे की राहावे, हा तुझा प्रश्न आहे. त्याकडे मी येईन. पण तो ‘फक्त’ तुझ्या पत्रातून खोडल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

कंट्रोल डेटा या अमेरिकन कंपनीच्या ६६०० या संगणकाची गोष्ट तू माझ्याच तोंडून ऐकली होतीस आणि पत्रात ती मलाच ऐकवली आहेस. ऑगस्ट १९६३ मध्ये हे यंत्र जाहीर झाल्यावर आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारले की, झाडलोट करणारा माणूस धरून चौतीस जणांच्या प्रयोगशाळेने आपल्यासारख्या प्रचंड संस्थेला मागे कसे टाकले. त्या चौतिसांत चौदा अभियंते आणि चार प्रोग्रॅमर होते. यावरून तू असा निष्कर्ष काढलास की, तो संगणक रचणाऱ्या सेमूर क्रे यांच्यासारखी असामान्य बुद्धी आणि तिच्याभोवती मूठभर माणसे असली की काम होते, आणि तुला त्या बुद्धीच्या जवळ बसायचे आहे. दोष माझा आहे. गोष्टीचा अर्धाच भाग मी तुला सांगितला होता.

उरलेला भाग यंत्राच्या आत आहे. ६६०० मध्ये सुमारे चार लाख ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे मूळ आवर्तन, म्हणजे कामाचा एक ठोका, शंभर नॅनोसेकंदांचे (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) होते. तारेतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण वीस सेंटिमीटर जातो, हे तुला पाठ आहे. म्हणून वेग हवा असेल तर तारा आखूड कराव्या लागतात, तारा आखूड करायच्या तर भाग एकमेकांना खेटून बसवावे लागतात, आणि भाग खेटले की उष्णतेला बाहेर पडायला वाट उरत नाही. क्रे यांनी सर्किटच्या दोन पाट्या समोरासमोर ठेवून मधल्या जागेत लाकडाची मोळी रचावी तसे भाग रचले होते. त्या दाटीत पंख्याची हवा पोहोचणे शक्यच नव्हते. म्हणून यंत्राच्या चौकटींतूनच फ्रीऑन या थंड करणाऱ्या वायूच्या नळ्या फिरवल्या गेल्या आणि हे काम डीन राउश या शीतकरणाच्या अभियंत्याने केले. राउश यांचे नाव तुझ्या पत्रात नाही. ते तू मुद्दाम वगळले नसशील. आम्हीच ते कधी पुरेशा मोठ्याने उच्चारले नाही. पण त्या नळ्या काढून घे आणि मग सांग, तुझ्या त्या असामान्य बुद्धीचे यंत्र किती मिनिटे चालले असते?

उष्णतेचा हिशेब आधी, बाकी सारे नंतर. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हापुन्हा भेटेल आणि मी त्याबद्दल क्षमा मागणार नाही.

स्वतः क्रे यांनाही हा नियम सुटला नाही. ६६०० नंतर १९६९ मध्ये ७६०० आले, आणि त्याच्या पुढच्या ८६०० मध्ये त्यांनी दाटी इतकी वाढवली की यंत्र भरवशाचे होईना. त्यांना नव्याने आरंभ करायचा होता आणि कंपनीपाशी तेवढा पैसा नव्हता. १९७२ मध्ये ते बाहेर पडले आणि विस्कॉन्सिनमधल्या आपल्या गावी, चिपेवा फॉल्सला, त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली.

तिथे जन्मलेले क्रे-१ हे यंत्र मात्र सावकाश पाहण्यासारखे आहे. इंग्रजी सी अक्षरासारखा त्याचा आकार सगळ्यांना माहीत असतो आणि तो शोभेसाठी आहे असे बहुतेकांना वाटते. वास्तविक आतल्या वळणाशी तारा जोडता याव्यात आणि कोणतीही तार चार फुटांपेक्षा लांब होऊ नये, यासाठी तो आकार आहे. आवर्तन साडेबारा नॅनोसेकंदांचे होते, म्हणजे चार फुटांच्या तारेतच त्यातला निम्मा वेळ जात होता. गावातल्या स्त्रिया त्या तारा मोजून कापत आणि एकेक हाताने जोडत, कारण एखादी तार थोडी लांब राहिली तरी संकेत उशिरा पोहोचला असता. आता त्याच यंत्राचा दुसरा हिशेब पाहा. ते सुमारे ११५ किलोवॅट वीज घेत असे आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडणार होती. दोन सर्किट बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, पत्र्याच्या कडेने उष्णता उभ्या धातूच्या खांबांत, खांबांतल्या नळ्यांत फ्रीऑन, आणि फ्रीऑनमधून ती यंत्राबाहेर. प्रत्येक टप्प्यावर एका माणसाने बसून विचारले होते की, इथून पुढे ही कुठे जाणार?

आणि तरीही पहिले यंत्र सहा महिने रखडले. कॉम्प्रेसरसाठी फ्रीऑनमध्ये वंगणाचे तेल मिसळलेले असते. ते सांध्यांतून झिरपून बोर्डांवर पसरत गेले आणि शेवटी सर्किट शॉर्ट होऊ लागली. नळ्यांचे जोड पक्के बसण्यासाठी वेल्डिंगची पद्धत बदलावी लागली. मगच १९७६ मध्ये ते यंत्र लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी गेले. जगातल्या सर्वांत वेगवान संगणकाचे सहा महिने गळतीच्या चाचणीत गेले, मुली, आणि तू तेच काम करते आहेस. तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलांना हे कुणी सांगितलेले दिसत नाही.

मी स्वतः काय केले, ते आता सांगतो. तुझ्या वडिलांनाही हे पूर्ण ठाऊक नाही. विद्यार्थी असताना मी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० पाहिला होता. १९६४ मध्ये आलेला हा संगणक क्रे यांच्याच जुन्या कंपनीचा. त्या दालनातली थंडी मला अजून आठवते. ती थंडी यंत्राचाच एक भाग आहे, हे मात्र मला तेव्हा कळले नाही आणि पुढची पंधरा वर्षेही कळले नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मी एका समांतर संगणकाचा आराखडा करणाऱ्या गटात होतो. मला वीजपुरवठा आणि वायुवीजन पाहायला सांगितले होते, तेव्हा मीही तुझ्यासारखाच रुसलो आणि ओळखी वापरून बॅकप्लेनच्या, म्हणजे सगळी सर्किट कार्डे एकमेकांना जोडणाऱ्या पाटीच्या, आराखड्यावर गेलो. तारा आखूड करण्याच्या नादात मी दोन कार्डांमधली रिकामी ठेवलेली जागा काढून टाकली. आमच्याकडे एक वयस्क तंत्रज्ञ होते. त्यांनी कार्डांवर तळहात धरला आणि म्हणाले, “साहेब, मधली तीन कार्डे श्वास घेत नाहीत.” मी त्यांना नकाशावरचा वेग दाखवला.

यंत्र नागपूरजवळ एका ग्राहकाकडे गेले. मे महिन्यात रोज दुपारी दोननंतर ते चुकीची उत्तरे देऊ लागे आणि रात्री पुन्हा नीट चाले. आमच्या गटातल्या एका तरुण प्रोग्रॅमरने अकरा रात्री जागून आपला कोड ओळ न् ओळ तपासला. रात्रीच तपासला, म्हणून त्याला काहीच सापडले नाही. मी अहवालात लिहिले, ‘दोष सॉफ्टवेअरमध्ये असण्याची शक्यता अधिक.’ ते लिहिताना मला त्या तंत्रज्ञांचा तळहात आठवत होता. पुढच्या आठवड्यात कार्डांवर तापमान मोजणारे थर्मोकपल लावल्यावर सगळे उघड झाले, पण अहवाल दुरुस्त करायला मी चार महिने लावले. तोपर्यंत तो मुलगा नोकरी सोडून गेला होता.

आयबीएमच्या स्ट्रेच संगणकाचे प्रमुख स्टीफन डनवेल यांची हकीकत मी नंतर वाचली. ठरवलेला वेग गाठला नाही म्हणून १९६१ मध्ये त्या यंत्राची किंमत १ कोटी ३५ लाख डॉलरवरून सुमारे ७८ लाखांवर उतरवावी लागली आणि डनवेल यांना बाजूला सारले गेले. पण आठ बिटांचा बाइट, स्मृतीचे संरक्षण, एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची सोय हे सारे त्याच प्रकल्पात रुजले आणि कंपनीच्या पुढच्या यंत्रांत गेले. १९६६ मध्ये कंपनीने त्यांची क्षमा मागितली आणि त्यांना आपले ‘फेलो’ करून मान दिला. त्यांच्या कंपनीला पाच वर्षे लागली. मला तीस वर्षांत तेवढे एक पत्र लिहिता आलेले नाही.

त्यानंतर उष्णतेचा हिशेब पाहिल्याशिवाय मी एकाही आराखड्यावर सही केली नाही. लोक मला आडमुठा म्हणत. एकदा मी एक यंत्र पाच आठवडे अडवून ठेवले, त्यात ती ऑर्डर लांबली, मला त्या प्रकल्पावरून काढले आणि माझ्यामागून आलेले दोघे माझ्या वर गेले. तुझे वडील आजही म्हणतात की, तेवढ्यासाठी इतके ताणायला नको होते. मी त्यांच्याशी सहमत नाही. वातावरण ४५ अंशांवर गेले की मधल्या कार्डांचे काय होणार, याचे उत्तर त्या दिवशी कुणाकडेही नव्हते, आणि ज्याचे उत्तर नाही ते यंत्र दाराबाहेर काढायचे नाही, हे मला आजही पटते. हे मी तुला सांगतो आहे की स्वतःलाच पुन्हा पटवतो आहे, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण मुद्दा त्यामुळे खोटा होत नाही.

१९८५ च्या क्रे-२ मध्ये भागांची दाटी इतकी झाली की सगळी सर्किट फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात अक्षरशः बुडवून ठेवावी लागली. पुढे चिपा बदलल्या, वीज कमी लागू लागली, पुष्कळ यंत्रे पुन्हा हवेवर चालू लागली आणि माझ्या पिढीला वाटले की पंख्यांनी प्रश्न सोडवला. आज तुझ्या हाताखालून जाणारी एकेक चिप हजार वॉटच्या घरात आहे. संपूर्ण क्रे-१ ला लागत होती तेवढी वीज आता एकटा रॅक, म्हणजे संगणकांचे एक कपाट, घेतो आणि पाणी पुन्हा थेट चिपेपर्यंत न्यावे लागते आहे. डीन राउश यांचे टेबल रिकामे होते, त्यावर तुला बसवले आहे, आणि तू मला विचारतेस की हे खालच्या दर्जाचे काम आहे का!

कंपायलर वाईट नाही. तुला गणिताची गोडी आहे आणि तिथेही तू चांगले काम करशील. तुला कंपायलरची खरोखर ओढ असती तर मी हे पत्र लिहिलेच नसते, दोन ओळींत आशीर्वाद दिले असते. पण तुझ्या सहा पानांत कंपायलरविषयी एक वाक्य आहे आणि लोक काय म्हणतात यावर दोन पाने आहेत. मीही तसाच गेलो होतो. म्हणून माझे उत्तर नाही असे आहे: निदान एक यंत्र आराखड्यापासून ग्राहकाच्या दारापर्यंत जाईतो तू हलू नकोस. त्या काळात गळतीच्या चाचणीचे नुसते पास-नापास लिहू नकोस. पाण्याचा प्रवाह, आत जाताना आणि बाहेर येताना त्याचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिही. वीज किती आत गेली आणि उष्णता किती बाहेर आली, हे दोन आकडे जुळेपर्यंत उठू नकोस. न जुळणारा फरक कुठे गेला, हे शोधताना तुला प्रोसेसर असा कळेल, जसा आराखडा काढणाऱ्यांनाही कळलेला नसतो. आणि तुमच्या चाचणीघरात जो जुना माणूस पाइपावर हात ठेवून काही बोलत असेल, त्याचे बोलणे तारखेसह टिपून ठेव.

शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे. येताना गेल्या तीन महिन्यांचे आकडे घेऊन ये. सांध्यावरचा दाब रात्री थोडा उतरतो असे तू ओझरते लिहिले आहेस, तेवढेच मला आधी पाहायचे आहे. त्या प्रोग्रॅमरचा पत्ता मला गेल्या वर्षी मिळाला आहे. त्याला लिहायचे पत्रही मी तोपर्यंत लिहून ठेवीन आणि पाकिटात घालण्याआधी तुला वाचायला देईन.

तुझा,
काका